माथेरानची छोटी गाडी: एका दिवसाची कुटुंबसहल कशी आखावी

माथेरानला जायचं म्हटलं की बहुतेक कुटुंबं नेरळला लोकलमधून उतरतात, टॅक्सी पकडतात आणि अर्ध्या तासात, मोटारी जिथवर जाऊ शकतात त्या दस्तुरी नाक्यावर पोचतात. वेळ वाचतो, हे खरं. पण मुलांसाठी म्हणून काढलेल्या सहलीतला सर्वांत चांगला भाग त्या अर्ध्या तासात निसटून गेलेला असतो. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी तोच डोंगर चढायला दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास घेते. अंतर सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे ताशी आठ किलोमीटरचा वेग. घाईनं चालणारा माणूस थोडा वेळ तिच्या बरोबरीनं चालू शकेल. या संथपणालाच कंटाळून लोक टॅक्सी धरतात, आणि माझं म्हणणं नेमकं उलट आहे. एका दिवसाची सहल असेल, तर गाडी हेच ठिकाण समजा आणि माथेरान ही तिच्या शेवटी मिळणारी जोड माना. एवढं एक मनाशी ठरवलं की घरून कधी निघायचं, काय बरोबर घ्यायचं, वर किती फिरायचं आणि परत कसं यायचं, या सगळ्याची उत्तरं बदलतात.

आधी ऋतूचं बघू, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. नेरळ ते दस्तुरीजवळचं अमन लॉज स्थानक हा मार्ग पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असतो. या काळात फक्त अमन लॉज ते माथेरान ही शटल चालते. अतिवृष्टीनं या मार्गाचं किती नुकसान होतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २००५च्या जुलैतल्या पावसानं मार्ग जागोजागी उखडला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६च्या मे महिन्यात डबे घसरल्यानं सेवा थांबली. २०१९च्या पावसात पुन्हा रूळ आणि भराव वाहून गेले, तेव्हा नेरळहून गाडी सुटायला २२ ऑक्टोबर २०२२पर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे पावसाळ्यानंतर गाडी कोणत्या तारखेला सुरू होते, हे दरवर्षी मध्य रेल्वेच्या घोषणेवरून पाहायचं आणि मगच बेत आखायचा.

सर्वांत छान काळ म्हणजे गाडी सुरू झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा. डोंगर अजून हिरवे असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि ऊन बोचत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गवत पिवळं पडतं, पण थंडी असते आणि दरीतलं दूरवरचं दिसतं. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून गर्दी उसळते. नेरळ हे डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला उकाडा आणि पत्र्याचा डबा लहान मुलांना त्रासदायक होतो. मे महिन्यातच जायचं असेल तर सकाळची पहिली गाडीच धरा. वाराबाबत तर मी आग्रहच धरीन: शनिवार-रविवार टाळा. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि वर्षअखेर हेही टाळा. मधल्या वारी एक दिवसाची रजा काढायला लागली तरी काढा. गाडीला साधारण सहा छोटे डबे असतात आणि त्यातली काही जागा गार्ड नि सामानाला जाते. उरलेल्या जागांसाठी सुट्टीच्या दिवशी किती माणसं रांगेत असतील, याचा अंदाज करणं अवघड नाही.

नेरळला पोचणं सोपं आहे. मुंबईकरांनी कर्जत किंवा खोपोली लोकल धरायची. सीएसएमटीहून पावणेदोन ते दोन तास लागतात, ठाण्याहून तासाभराहून थोडं जास्त. बदलापूर गेलं की वांगणी, शेलू आणि मग नेरळ. पुणेकरांनी पहाटेच्या, कर्जतला थांबणाऱ्या गाडीनं कर्जत गाठावं आणि मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोडनंतरचं स्टेशन नेरळ. पुण्याच्या कुटुंबाला यात बोरघाटाचा प्रवास वरकड मिळतो. स्वतःच्या मोटारीनं येणाऱ्यांना एक महत्त्वाची सूचना. मोटार दस्तुरीच्या वाहनतळापर्यंत नेऊ नका, नेरळलाच लावा. दस्तुरीला लावलीत तर छोट्या गाडीचा शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडाच तुमच्या वाट्याला येईल. नेरळला लावलीत तर वर गाडीनं जाऊन खाली टॅक्सीनं थेट आपल्या मोटारीपाशी उतरता येतं.

आता तिकिटाचं. सकाळी नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या मोजक्या असतात. आजवरचा शिरस्ता दोन गाड्यांचा आहे, एक नऊच्या आगेमागे आणि दुसरी साडेदहाच्या सुमारास. वेळा ऋतूप्रमाणे पुढेमागे होतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजं वेळापत्रक पाहून घ्या. या गाडीचा सगळा भरवसा नेरळच्या तिकीट खिडकीवर आहे. गाडी सुटण्याच्या काही वेळ आधी खिडकी उघडते आणि बघता बघता जागा संपतात. म्हणून पहिल्या गाडीच्या वेळेच्या निदान सव्वा तास आधी नेरळला उतरायचं, हे पक्कं धरा. पहिली हुकली तर दुसरीच्या रांगेत तुम्ही पुढे असता, हा लवकर येण्याचा दुसरा फायदा. रांगेत एकानं उभं राहावं. बाकीच्यांनी तोवर मुलांना स्टेशनबाहेर गरम वडापाव किंवा इडली खाऊ घालावी. सगळं कुटुंब खिडकीसमोर उभं करून मुलांना सकाळीच थकवू नका.

कोणता वर्ग घ्यावा? द्वितीय श्रेणी पुरेशी आहे, असं माझं स्पष्ट मत. प्रथम श्रेणीचं भाडं तिच्या कित्येक पट आहे आणि खिडकीबाहेरचा डोंगर दोन्हीकडे सारखाच. मोठ्या काचांचा वातानुकूलित विस्टाडोम डबाही जोडला जातो. उन्हाचा त्रास होणाऱ्या आजी-आजोबांना तो बरा. पण मुलांना या प्रवासात जे मिळायला हवं ते उघड्या खिडकीतूनच मिळतं: झाडांचा वास, रुळांचा आवाज, वर चढताना गार होत जाणारी हवा. काचेआड यातलं निम्मं हरवतं.

तिकीट हाती आलं की गाडी सुटेपर्यंतचा वेळ नुसता बाकावर बसून काढू नका. नेरळ स्थानकात एकाच ठिकाणी दोन मापांचे रूळ दिसतात. लोकलचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंद, म्हणजे साडेपाच फूट. छोट्या गाडीचा अवघा ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. मुलांना हे घरी आदल्या रात्रीच करून दाखवा. शाळेच्या दोन फूटपट्ट्या जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवायच्या आणि सांगायचं, एवढ्या रुंदीवर उद्या आपली गाडी उभी असेल. सकाळी स्टेशनात ते रूळ पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी एवढा खटाटोप करावाच. तिथेच वाफेचं एक जुनं इंजिन जपून ठेवलं आहे. हा मार्ग सुरू झाला तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्यातून खास मागवलेल्या इंजिनांपैकी ते एक. इंजिनाची चाकं तीक्ष्ण वळणांवर थोडी बाजूला सरकू शकावीत, अशी त्यांची रचना होती.

मोठी मुलं बरोबर असतील तर त्यांना मार्गाची गोष्टही सांगा, ती सांगण्यासारखीच आहे. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मे महिन्यात या डोंगरावर चढले आणि इंग्रजांचं इथे येणं-राहणं सुरू झालं. पण वर जायचं तर पायी, घोड्यावर किंवा पालखीतून. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी इथे रेल्वे आणायचं मनावर घेतलं. काम १९०४मध्ये सुरू झालं, वडिलांनी भांडवल पुरवलं, १६ लाख रुपये खर्च झाले आणि १९०७च्या मार्चमध्ये गाडी धावली. आखणीत सल्ला होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याचा. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे याच माणसानं उभारली. सरकारी तिजोरीतून नव्हे, तर एका मुंबईकर कुटुंबाच्या पैशातून आणि जिद्दीतून हा मार्ग झाला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

गाडीत बसताना उजवी खिडकी की डावी, यावरून भावंडांत भांडण होऊ देऊ नका. सुरुवातीला गाडी मोठ्या रुळांना समांतर जाते, मग डोंगराकडे वळते आणि त्यानंतर इतकी वळणं घेते की दरी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला येते. मध्यावर जागांची अदलाबदल करायची, असं आधीच ठरवून टाका. डबे अरुंद आहेत, समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. म्हणून मोठ्या बॅगा नकोत. एकेक पाठपिशवी पुरे, आणि तीही मांडीवर घेता येईल एवढीच.

चढ कसा आहे ते समजून घेतलं तर प्रवासाची गोडी वाढते. या मार्गावर काही ठिकाणी वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची वाढते. बोरघाटात, जिथे मोठ्या गाड्यांना मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावावी लागतात, तिथला चढ सदतिसास एक आहे. यावरून तुलना करा. निलगिरीच्या गाडीला अशा चढासाठी रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून वर सरकतं. माथेरानला तसलं काही नाही. साधी चाकं साध्या रुळांवर, केवळ घर्षणाच्या जोरावर गाडी सुमारे ७६० मीटर वर चढते. त्यासाठीच मार्ग नागमोडी आखला आहे. सरळ वर जाता येत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीत शिरायचं, वळसा घ्यायचा आणि थोडं वर येऊन पुन्हा उलट दिशेला निघायचं.

या वळणांवरच मुलांना खिडकीशी बसवा. गाडी वळली की आपल्याच गाडीचं इंजिन समोर येतं. आधी नुसता त्याचा कोपरा दिसतो, मग सगळं इंजिन, मग त्यामागचा पहिला डबा आणि त्यातली आपल्याकडे बघून हात हलवणारी माणसं. चाकांच्या कडा रुळाला घासून बारीक कर्कश आवाज येतो, डबा किंचित कलतो आणि वळण संपलं की इंजिन पुन्हा झाडीआड जातं. पुढच्या वळणाला ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीत येतं. भेकरा खिंडीच्या पुढे एक मोठा घोड्याच्या नालासारखा वळसा आहे. तिथे गाडीची दोन्ही टोकं एकमेकांसमोर येतात. छायाचित्र काढायचं तर इथे, पण हात आणि मोबाइल खिडकीच्या आतच ठेवून. डोंगराचा कडा काही ठिकाणी डब्याला लागेल इतका जवळ येतो. मुलांना दरवाज्याशी उभं राहू देऊ नका, आणि मोठ्यांनीही उभं राहू नये.

पूर्वी परतीच्या उतारावर डब्याडब्यातल्या हातब्रेकवर माणूस बसलेला असे. इंजिनाच्या शिटीच्या खुणेवर तो ब्रेक आवळायचा किंवा सैल करायचा. आता डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले आहेत.

वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही तीन स्थानकं. जुम्मापट्टीच्या आसपास रूळ आणि मोटाररस्ता एकमेकांना भेटतात. वॉटर पाइपला गाडी थांबते तेव्हा पाय मोकळे करायला उतरा, पण मुलांचा हात सोडू नका आणि इंजिनाच्या शिटीकडे कान असू द्या. इथे आजूबाजूच्या ठाकर, कातकरी वाड्यांतल्या बायका मोसमाप्रमाणे करवंदं, जांभळं, काकड्या, बोरं विकायला बसतात. पळसाच्या पानाच्या द्रोणातली मूठभर करवंदं मुलांना घेऊन द्या. घासाघीस करू नका. त्या बायका डोंगरात हिंडून हे गोळा करतात, आणि त्यांच्या वर्षाच्या कमाईत या थोड्या महिन्यांची मोठी भर असते.

या मार्गावर एकुलता एक बोगदा लागतो. ‘वन किस टनेल’ या नावानं तो ओळखला जातो. आत शिरलो म्हणेपर्यंत बाहेर आलेलो असतो, पण मुलांनी ओरडायला तेवढा वेळ पुरतो. वर आल्यावर समोर पेबचा किल्ला, म्हणजेच विकटगड, दिसू लागतो. रुळांच्या कडेलाच कड्यावरच्या गणपतीची भव्य मूर्ती आहे. खाली नेरळची घरं आणि आपण सकाळी उतरलो ती मोठी लाइन दिसते. लोकल तिथून जाताना दिसली तर मुलांना दाखवा, उंचीचा खरा अंदाज त्यावरूनच येतो. या भागात रुळांवरून चालत किल्ल्याकडे जाणारी मंडळी भेटतात. तुम्ही कुटुंबासह हा प्रकार करू नका. वळणांमुळे गाडी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि कड्याच्या बाजूला पाय ठेवायलाही जागा नसते.

काहींना वळणांमुळे गाडी लागते. वेग कमी असल्यानं घाटातल्या मोटारीइतका त्रास होत नाही, पण ज्यांना तो नेहमी होतो त्यांनी सकाळी पोटभर तळलेलं खाऊ नये. एखादी आवळासुपारी, लिंबू आणि डॉक्टरांनी नेहमी दिलेली गोळी जवळ ठेवावी. डब्यात शौचालय नसतं, ही सर्वांत व्यवहाराची गोष्ट. नेरळला गाडीत बसण्याआधी लहान-मोठ्या सगळ्यांनी जाऊन यावं. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी आणि लंगोट सुटलेल्या लहानग्यांच्या आयांनी याचा आधी विचार करावा. पाणी दर माणशी एक लिटर घरून भरून न्या. डबा मात्र वर जाऊन खायचा ठेवा. गाडीत शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी एवढंच पुरे. माथेरानमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या चालत नाहीत, म्हणून स्टीलचा डबा आणि कापडी पिशवी न्यावी.

पहिल्या गाडीनं आलात तर साडेअकराच्या सुमारास माथेरान स्थानकात उतरता. स्थानक बाजाराच्या अगदी मधोमध आहे, हे या गाडीचं टॅक्सीवरचं आणखी एक वरचढपण. दस्तुरीला उतरणाऱ्यांना तिथून पुढे चालावं लागतं किंवा शटल धरावी लागते, कारण दस्तुरीच्या पलीकडे मोटारींना बंदी आहे. माथेरान २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. मोटारीचा भोंगा नाही, धूर नाही, आणि मुलाचा हात क्षणभर सोडला तरी जीव घाबरा होत नाही. शहरातल्या आईवडिलांना ही मोकळीक क्वचितच मिळते. नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो, त्याची पावती दिवसभर जपून ठेवा.

इथे मात्र हाव आवरायला हवी. माथेरानला तीसहून अधिक पॉइंट आहेत आणि दिवसाच्या सहलीत तुमच्या हाती आहेत तीन ते चार तास. सगळे पॉइंट बघायच्या नादात मुलं तांबड्या धुळीत फरफटतात, मोठे चिडतात आणि परतीची गाडी चुकते. दोनच ठिकाणं निवडा. धडधाकट मंडळींनी शार्लोट तलावाकडे जावं. वाटभर झाडांची सावली आहे, तलावापासून लॉर्ड पॉइंट आणि एको पॉइंट जवळ आहेत, आणि पायांत दम असेल तर पुढे लुइझा पॉइंट. तिथून समोरच्या प्रबळगडाचा सपाट माथा आणि मधली खोल दरी पाहून मुलांना सह्याद्रीची रचना समजते. पुस्तकातल्या भूगोलात हे येत नाही. शार्लोट तलाव गावाला पिण्याचं पाणी पुरवतो, म्हणून त्यात पाय बुडवायचे नाहीत आणि काही टाकायचं नाही. बरोबर वयस्कर माणसं असतील तर बाजारापासून जवळचे खंडाळा पॉइंट आणि माधवजी पॉइंट बघून थांबावं. पॅनोरमा पॉइंट फार सुंदर आहे, पण तो उत्तर टोकाला, लांब आहे. एका दिवसात तो सोडून द्या. तसंही गाडी त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावरून आलेली असते.

घोड्यावर बसायचा मुलं हट्ट धरणारच. दर आणि फेरीचं अंतर आधी ठरवा, मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे का ते बघा आणि घोडा पळवायचा नाही, चालवायचा, असं घोडेवाल्या दादांना स्पष्ट सांगा. त्यांच्यापैकी बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करतात, नीट सांगितलं की नीट नेतात. चालू न शकणाऱ्यांसाठी माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्या आहेत, त्यांची चौकशी करा. माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५मध्ये दिला. त्या चालवणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळाव्यात, असंही सांगितलं. तो आदेश योग्यच होता. माणसाला माणूस ओढताना मुलांनी पाहणं हे कोणत्याही सहलीत नको.

माकडं सगळीकडे आहेत. त्यांना खायला घालू नका. हातात उघडा बिस्किटाचा पुडा घेऊन चालणारं मूल त्यांना लांबूनच दिसतं. खाऊ पिशवीत, पिशवी बंद आणि पाठीवर. पायात चप्पल नको, बूट हवेत. वाटा जांभ्या मातीच्या आहेत, वरची धूळ घसरडी असते आणि पांढरे कपडे घरी येईपर्यंत तांबूस होतात. दुपारचं जेवण बाजारात मिळतं, पण घरची पोळी-भाजी आणि चटणी एखाद्या झाडाखाली बसून खाण्यात वेळही वाचतो आणि मजाही येते. परतताना चिक्की आणि इथल्या चामडी चपला घेऊन स्थानकाकडे या.

परतीसाठी माझा सल्ला ठाम आहे: वर जाताना छोटी गाडी, खाली येताना टॅक्सी. दोन्ही वेळा गाडीनंच जायचं म्हटलं, तर सव्वापाच तास बैठकीतच जातात. परतीच्या प्रवासात दमलेली मुलं झोपतात आणि मोठ्यांना पाठीची कळ जाणवते. शिवाय परतीच्या गाड्या दुपारी निघतात, त्यांच्या तिकिटासाठी पुन्हा रांग लावायची तर हिंडायला वेळच उरत नाही. त्यापेक्षा माथेरान स्थानकातून शटलनं अमन लॉजला या. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत मुलांना गाडीचा निरोपही घेता येतो. अमन लॉजपासून दस्तुरी हाकेच्या अंतरावर आहे. तिथून नेरळला माणशी भाड्याच्या टॅक्सी मिळतात. उजेड असेपर्यंत खाली उतरायचं, अंधारात घाट नको. नेरळहून मुंबईकडे लोकल रात्री उशिरापर्यंत असतात, त्यामुळे संध्याकाळी धावपळ करावी लागत नाही.

समजा, पहाटे उठून गेलात आणि तरीही तिकीट मिळालं नाही. तेव्हा मुलांसमोर रुसून बसू नका. टॅक्सीनं दस्तुरी गाठा आणि अमन लॉजहून शटलनं माथेरानला जा. हा तुकडा छोटा असला तरी गाडी तीच, रूळ तेच. मग पुन्हा एखाद्या मधल्या वारी पूर्ण प्रवासाला या. आणि पावसाळ्यातच घाटातली गाडी बघायची असेल, तर माथेरानचा हट्ट सोडून बोरघाट धरा. मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसला २०२१पासून विस्टाडोम डबा जोडलेला आहे. ती सकाळी मुंबईहून निघते आणि दुपारी पुण्याहून परत फिरते. १८६३मध्ये खुल्या झालेल्या या घाटात कर्जत ते लोणावळ्यादरम्यान पंचवीसहून अधिक बोगदे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये दोन बोगद्यांच्या मधल्या क्षणभराच्या उजेडात धबधबे दिसतात. कर्जतला मागून इंजिनं जोडताना गाडी थांबते, तेव्हा फलाटावरच्या गरम वड्याचा वास डब्यात येतोच. त्या डब्याचं आरक्षण आधी करता येतं, हा बेत आखणाऱ्याला मोठा दिलासा.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तीन डोंगरी रेल्वेंना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे, अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८मध्ये. माथेरानची रेल्वे अजून संभाव्य यादीतच आहे. ती मान्यता मिळो न मिळो, हा मार्ग चालू राहायचा तर त्यातून माणसं जायला हवीत. महाराष्ट्रातल्या मुलांना डोंगरातली गाडी दाखवायला शिमल्यापर्यंत न्यायची गरज नाही, ती लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर आहे.

तेव्हा दिवाळीची गर्दी ओसरली की एखादा मंगळवार किंवा बुधवार ठरवा. आदल्या रात्री बाटल्या भरून ठेवा, पहाटेची कर्जत लोकल धरा आणि नेरळच्या खिडकीवर पोचल्याबरोबर पहिल्या गाडीचं, फक्त जाण्याचं तिकीट मागा.